पोतनीसांचा स्विच

"डोळे मीट," पोतनीसकाका म्हणाले, "आणि सांग, बाई श्वास कुठे घेतायत."

मी डोळे मिटले. समोर जवळपास माझ्याच उंचीचे दोन स्पीकर होते आणि त्यांतून जुन्या काळातल्या एक गायिका देसी राग गात होत्या. श्वास नाकानं घेत असणार, असं माझ्या मनात आलं. पण ते बोलायची ती वेळ नव्हती. मी त्या घरात सून म्हणून येण्याच्या बेतात होते.

"उजवीकडे," मी म्हणाले.

"उजवीकडे किती?"

"थोडं."

"वीतभर," काका म्हणाले. "आणि जरा खाली. बसून गातायत ना त्या."

"अगदी, अगदी," शेजारच्या दिवाणावरून बाबा म्हणाले. माझे बाबा शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. कुठलीही जागा कुणी ठामपणे सांगितली की त्यांना बरं वाटायचं.

या गोष्टीला आता दहा-अकरा वर्षं होतील. मी नुकतीच फिजिक्समध्ये एमएस्सी होऊन नाशिकच्याच एका प्रयोगशाळेत लागले होते. कारखान्यांतले वजनकाटे, तापमापक, विजेचे मीटर खरं दाखवतात की नाही, हे तपासून द्यायचं आमचं काम. सुहृदचं स्थळ ओळखीतून आलं होतं. तो आर्किटेक्ट. पोह्यांचा कार्यक्रम नीट पार पडला, मग आम्ही दोघंच चार-पाच वेळा बाहेर भेटलो. तो मला आवडला होता. मी वाक्य पूर्ण करेपर्यंत थांबणारा तो मला भेटलेला पहिला मुलगा. माझ्या बाजूनं होकार ठरलेला होता, आणि त्या रविवारी आम्ही 'घर बघायला' गेलो होतो. म्हणजे मुलीकडच्यांनी बाथरूमपासून बाल्कनीपर्यंत सगळं बघायचं, "हवेशीर आहे" म्हणायचं, मग मुलाची आई मुलीची ओटी भरणार आणि ठरलं असं सगळ्यांनी समजायचं.

पोतनीसांकडे मात्र घर म्हणजे एकच खोली होती. दोन बेडरूमांपैकी एक सुहृदची. दुसरीच्या भिंतींना काळा फोम चिकटवला होता, खिडकी बुजवली होती आणि मधोमध एक खुर्ची होती. आवाज 'बरोबर' फक्त त्या खुर्चीत यायचा. एरवी तिथे काकांशिवाय कुणी बसत नसे; मला बसवलं हा माझा मान होता.

"मग तुम्ही दोघं झोपता कुठे?" आईनं विजयाकाकूंना विचारलं होतं.

"हे इथेच, खाली गादी टाकून. मी हॉलमध्ये. माझ्या घोरण्यानं स्पीकरना त्रास होतो."

कुणी हसलं नाही, त्यामुळे हा विनोद होता की माहिती, ते मला कळलं नाही.

"आता मुख्य गोष्ट," काका खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले. "हे जे ऐकलंस, ते नव्या स्विचवर."

हा स्विच म्हणजे भिंतीवरचं बटण नव्हे. इंटरनेटची वायर ज्यात येते आणि जिथून ती घरातल्या वेगवेगळ्या यंत्रांना वाटली जाते, तो डबा. आमच्या प्रयोगशाळेत असे दोन होते. त्यातल्या एकावर आम्ही चहाचे कप ठेवायचो. काकांकडे आता गाणी इंटरनेटवरून येत, म्हणून त्यांनी खास संगीतासाठी बनवलेला स्विच परदेशातून मागवला होता. त्या किमतीत स्कूटर आली असती, आणि काकू अजून भाजी आणायला चालत जात होत्या. स्विच ग्रॅनाइटच्या लादीवर ठेवला होता. लादीखाली पितळेचे तीन पाय होते.

"घेतल्याबरोबर वाजत नाही तो," काका म्हणाले. "दोनशे तास नुसता चालू ठेवावा लागतो. मग उघडतो."

"कोण?" आईनं विचारलं.

"स्विच."

"हां," आई म्हणाली.

"सुहृद, यांना जुना लावून दाखव."

सुहृद पॅसेजच्या टोकाला कोठीच्या खोलीत गेला. स्विच तिथे होता. काका स्वतः कधी तिकडे जात नसत. ऐकणाऱ्यानं यंत्राला हात लावायचा नाही, आणि एकदा ऐकायला बसलं की डोकं हलवायचं नाही, असा त्यांचा नियम होता. आतून "चालू" असा आवाज आला आणि बाई पुन्हा तीच ओळ गाऊ लागल्या.

"आता?" काकांनी विचारलं.

"जरा गढूळ," बाबा म्हणाले.

"मघाशी तंबोरा छान लागला होता," आई म्हणाली.

काकू दारात पदराला हात पुसत उभ्या होत्या. "नवा असला की कसं पडदा उठल्यासारखं वाटतं," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात सुहृद परत आला. "नव्याला कसं पडदा उठल्यासारखं वाटतं," तोही म्हणाला. काकूंचं बोलणं त्याच्या कानावर पडलेलं नव्हतं. शाळेतली प्रार्थना म्हणावी तशा एकाच चालीत ते दोघं बोलले, आणि ते माझ्या लक्षात राहिलं.

सगळे माझ्याकडे बघत होते.

"मला नाही कळला फरक," मी म्हणाले.

काका हसले. कारलं न आवडणाऱ्या मुलाकडे बघून हसतात तसं. पुन्हा नवा लावला. पुन्हा जुना. बाईंनी ती ओळ इतक्या वेळा म्हटली की मला त्यांची दया येऊ लागली.

"नाही काका. एकच आहे."

"कान तयार व्हावा लागतो. ते एमएस्सीत शिकवत नाहीत."

"एमएस्सीत शिकवतात त्याप्रमाणे फरक पडायला नको," मी म्हणाले. आई माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती, पण विषय माझा होता. "गाणं वायरमधून आकड्यांच्या रूपात येतं. एखादा तुकडा चुकला तर तो पुन्हा मागवला जातो. मग ते सगळं तुमच्या त्या प्लेअरमध्ये साठतं, आणि तिथून तो आपल्या वेगानं वाजवतो. गच्चीवरच्या टाकीसारखं. खालून पाणी चढवणारी मोटर कुठल्या कंपनीची आहे, यावर नळाच्या पाण्याची चव ठरत नाही."

"मोटर चांगली असेल तर दाब चांगला येतो."

"टाकीत चढेपर्यंत. टाकीच्या पुढे नाही."

"पण वायरमधून विजेचा गोंगाटही येतो ना? त्याचं काय?"

"येऊ शकतो," मी मान्य केलं. "मोजता येतो. बऱ्या यंत्रात तो ऐकू येण्याच्या फार खाली असतो. म्हणून मी अशक्य म्हणत नाहीये. मला ऐकू आला नाही, एवढंच म्हणतेय."

बाबा खोकले. त्यांना खोकला नव्हता.

"शलाका," काकू दारातून म्हणाल्या, "जरा आत ये गं. ताटल्या न्यायच्यात."

स्वयंपाकघरात ताटल्या आधीच भरून ठेवल्या होत्या. करंज्या, चिवडा, वड्या. न्यायला दोन माणसांची गरज नव्हती. काकूंनी चहाखालचा गॅस बारीक केला.

"तुला नाही ना आला ऐकू?"

"नाही. तुम्हाला येतो?"

"लग्न झालं तेव्हा हे रोज शीर्षासन करायचे," त्या म्हणाल्या. "उंची वाढते म्हणून. सत्ताविसाव्या वर्षी. महिना झाला की मला विचारायचे, वाढली का गं. मी म्हणायचे, वाटतेय थोडी."

"आणि वाढली होती?"

"कोण मोजायला बसलंय? मग तांब्याच्या भांड्यातलं पाणी आलं. त्यानं चष्मा जाणार होता. मग हे कान." त्यांनी माझ्या ताटलीत आणखी एक करंजी ठेवली. "पहिल्यांदा जरा जड जातं. नंतर खरंच ऐकू यायला लागतं."

शेगडीचं डावं बटण जरा दाबून फिरवावं लागतं, असं नव्या माणसाला सांगावं, तितक्या मायेनं त्या हे सांगत होत्या.

"म्हणजे तुम्हाला येतं."

त्यांनी चहात साखर टाकली आणि बराच वेळ ढवळली. "आता मला ते सांगता नाही यायचं," त्या म्हणाल्या. "चल, गार होतंय."

आम्ही बाहेर आलो तेव्हा बाबा काकांना सांगत होते की मुलगी तशी समंजस आहे, फक्त शिक्षणामुळे तिला शंका विचारायची सवय लागली आहे. मी ताटल्या ठेवल्या. पुढचं मी भांडायला म्हणून बोलले नाही. खरंच जाणून घ्यायचं होतं.

"काका, तुम्हाला फरक ऐकू येतो हे मी खोटं धरत नाही. माझा कान कच्चा असेल. पण आपण बघू या का? सुहृद आत बदलेल, कुठला लावलाय ते तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही ओळखायचं."

मला वाटलं, ते चिडतील. ते इतके खूश झाले की लगेच खुर्चीत जाऊन बसले.

"दर दिवाळीला करतो आम्ही हे. पाडव्याला, ओवाळून झालं की. स्विच, वायरी, प्लग, सगळं ओळखून दाखवलंय. आजवर एकदाही चुकलो नाही. विचार त्याला."

"एकदाही नाही," सुहृद म्हणाला.

एकदाही नाही. आमच्या कामात असं वाक्य ऐकलं की माणूस ताठ बसतो. हे खरं असेल तर चूक माझी होती, आणि ती चूक माझ्या आजवरच्या बरोबर उत्तरांपेक्षा जास्त मजेची होती.

"मी पण आत थांबते," मी म्हणाले.

"तू कशाला?" सुहृद म्हणाला. "जागा नाहीये तिथे."

"मावेन मी."

"जाऊ दे रे तिला," काका डोळे मिटून म्हणाले. "शास्त्रज्ञ आहे ती."

कोठीत कांद्यांचं पोतं, पिठाचा डबा, गणपतीचं मखर आणि केरसुण्या होत्या. मधल्या फळीवर ग्रॅनाइटच्या लादीवर तो स्विच बसला होता. चकचकीत, पुढे एक हिरवा दिवा. सुहृदनं दार लोटून घेतलं.

"हं, पहिला," खोलीतून काकांचा आवाज आला.

सुहृद उभा राहिला. थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग एका वायरीचं टोक काढून त्याच भोकात परत बसवलं, खट्ट आवाज येईल असं, आणि ओरडला, "चालू."

बाई गाऊ लागल्या. जरा वेळानं काका म्हणाले, "नवा."

"बरोबर," सुहृद ओरडला.

मी त्या वायरीकडे बघत होते. ती ग्रॅनाइटवरच्या डब्यात नव्हतीच. ती पिठाच्या डब्यामागे गेली होती. तिथे एक पांढरा, कोपरा तुटलेला प्लास्टिकचा जुना स्विच होता आणि त्याचे दिवे भराभर लुकलुकत होते. वायरमधून काही जात असलं की ते लुकलुकतात. नव्याचा एक हिरवा दिवा तेवढा लागलेला होता. बाकी तो थंडगार होता.

"तू काहीच बदललं नाहीस."

"हळू बोल."

"नवा जोडलेलाच नाही."

"आठव्या दिवशीच गेला तो. वीज गेली, परत आली, आणि हा मेला. दिवा लागतो फक्त."

"काकांना सांगितलं नाहीस?"

"त्यांचे दोनशे तास व्हायचे होते अजून." तो हसला. खरं सांगायचं तर मीही हसले. "दोनशे तास झाले त्या दिवशी त्यांनी समोरच्या कर्णिकांना बोलावलं. स्विच उघडला म्हणून आइस्क्रीम आणलं. कर्णिक म्हणाले, बाईंच्या बांगड्या ऐकू येतात."

"आणि दर दिवाळीला?"

"ते म्हणतील ते बरोबर."

"कधीपासून?"

"मी आठवीत होतो. पहिल्या वर्षी मी खरंच बदललं होतं. वायरी होत्या तेव्हा, स्विच नव्हते. निम्म्या वेळा चुकले ते."

"म्हणजे नाणं उडवल्यासारखं."

"तेच मी तेव्हा म्हणालो. नीट जेवले नाहीत मग आठवडाभर. आई म्हणाली, पुढच्या वेळी जरा सांभाळून घे."

"दुसरा," काकांनी हाक दिली.

सुहृदनं पुन्हा तेच केलं. थांबला, खट्ट वाजवलं, "चालू." हात इतके सराईत होते की मला त्या तेरा वर्षांच्या मुलाचं वाईट वाटलं.

"जुना," काका म्हणाले. "काहीच जान नाही."

"बरोबर."

मग तो माझ्याकडे वळला. "शलाका, हे फार मोठं काही नाहीये. ते खूश असतात, घर शांत असतं. तू बाहेर जाऊन एवढंच म्हण, सगळे बरोबर आले."

"आणि मग?"

"मग काय, मग करंज्या."

असं काही तो बोलला की एरवी मी विरघळायचे. अर्धी विरघळलेही. म्हणून मी पुढचा प्रश्न विचारला, स्वतःला सावरायला.

"उद्या आपल्यात असं काही झालं, मी एखाद्या गोष्टीत सपशेल चुकले, तर तू मला खरं सांगशील, की मी म्हणेन ते बरोबर?"

त्यानं टाळलं नाही. मी वाक्य संपवेपर्यंत थांबला, मग विचार केला, मनापासून. "तुला काय आवडेल?" त्यानं विचारलं.

चार-पाच भेटी माझ्या डोळ्यांसमोरून गेल्या. मला बिनसाखरेचा चहा आवडतो, त्यालाही. मला डोंगर आवडतात, समुद्र नाही, त्यालाही. मला लहान घर हवं होतं, आणि नोकरी सोडायची नव्हती, आणि लग्नात बँड नको होता. सगळं त्यालाही तसंच हवं होतं. आपलं किती जुळतं, असं मी आईला सांगितलं होतं.

"तिसरा," काका म्हणाले. "शेवटचा."

राउटरपासून जुन्या स्विचपर्यंत हातभर वायर होती. मी ती दोन्ही टोकांनी काढून घेतली. पांढऱ्या डब्याचे लुकलुकणारे दिवे गप्प झाले. बाई गातच होत्या.

"अगं," सुहृद म्हणाला.

"टाकीत आहे अजून. काही मिनिटं चालेल."

खोलीतून काकांचा मोठा सुस्कारा ऐकू आला. "नवा. प्रश्नच नाही. पडदा उठला."

"बरोबर," सुहृद सवयीनं ओरडला. मग माझ्या हाताकडे बघून त्यानं तोंड मिटलं.

मी वायर घेऊन बाहेर गेले. तो मागून आला. खोलीत काका डोळे मिटून बसले होते, बाबा मान डोलावत होते, आई करंजीचा चुरा पदरावरून झटकत होती.

"तिन्ही बरोबर ना?" काका म्हणाले.

"काका, आत्ता नवाही नाही आणि जुनाही नाही. वायर माझ्या हातात आहे."

नवा स्विच आठव्या दिवशीच गेला, हे मी सांगितलं नाही. ते सुहृदनं सांगायचं होतं, आणि तो माझ्या मागेच उभा होता. मी त्याच्यासाठी थोडी जागा सोडून बाजूला झाले.

काकांनी डोळे उघडले. वायरीकडे बघितलं. आमच्याकडे काटा चुकीचा निघाला की कारखान्याच्या माणसाचा चेहरा एक क्षण जसा होतो, तसा त्यांचा झाला. मला वाटलं, ते आता लहान आवाजात काहीतरी विचारतील, आणि सुहृद उत्तर देईल.

"म्हणजे मधे वायरच नाही?"

"नाही."

"स्विचमधून काहीच येत नाहीये?"

"नाही."

काका हळूहळू खुर्चीत पुढे सरकले. "अरे," ते म्हणाले. "म्हणजे सगळा दोष वायरचाच होता."

बाई तानांवर आल्या होत्या.

"विजया, ऐक. वायर नसताना ऐक हे."

"पडदा उठल्यासारखं," काकू म्हणाल्या.

"अगदी स्वच्छ," बाबा म्हणाले.

आईही काहीतरी म्हणाली. त्यात तंबोरा होता.

"इतकी वर्षं आम्ही नुसते स्विच बदलत बसलो," काका म्हणाले. त्यांचे डोळे खरोखर पाणावले होते. "मी, कर्णिक, तो पुण्याचा ग्रुप. कुणाच्या डोक्यात आलं नाही की वायरच काढून बघावी. हुद्दारसाहेब, तुमच्या मुलीनं एका सकाळीत केलं हे. विजया, ओटीचं ताट आण."

काकू गेल्या. आणि मग टाकी संपली. अर्ध्या तानेत गाणं थांबलं.

मी काकांकडे बघितलं. त्यांनी तर्जनी वर केली.

"ही शांतता ऐका," ते म्हणाले. "एवढी काळी शांतता या खोलीत कधी नव्हती."

सगळ्यांनी शांतता ऐकली. बाबांनी डोळेही मिटले. खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला; त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

काकू ताट घेऊन दारात आल्या. तांदूळ, नारळ, खण. आई उठून उभी राहिली, माझा पदर नीट करायला.

"सुहृद," मी म्हणाले, "तुला ऐकू येतेय?"

"काय?"

"शांतता. मघापेक्षा काळी."

माझ्याखेरीज त्या खोलीत सगळं माहीत असलेला तो एकटाच होता. त्यानं वडिलांकडे बघितलं, ताट धरलेल्या आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी थांबले. त्यानं एक शब्द म्हटला असता तरी मी त्या घरात आले असते, स्पीकरसकट. तो हसला, तिघांनाही पुरेल असं.

"येतेय की," तो म्हणाला.

काकू पुढे आल्या. मी वायर गुंडाळून टीपॉयवर ठेवली.

"काकू, ओटी नको."

"अगं, असं काय?"

"मला नाही ऐकू येत. नंतरही यायचं नाही."

काकांना वाटलं मी गाण्याबद्दलच बोलतेय. कान तयार होईल, घाई करू नकोस, असं ते मला समजावू लागले. काकूंना कळलं होतं. त्यांनी ताट हळूच दिवाणावर ठेवलं, माझ्या आईनं आत्ता जिथून उठून जागा केली होती तिथे. सुहृद आम्हाला खालपर्यंत सोडायला आला, रिक्षा थांबवली, बाबांना हात दिला. "तुझं बरोबर आहे," तो मला म्हणाला. मला ते उत्तर अजून आठवतं, कारण वर जाऊन तो त्यांनाही तेच म्हणाला असणार.

रिक्षात आम्ही तिघं मागे दाटीनं बसलो. मी मधे. गंगापूर रोड संपला.

"तोंडावर बोलायची काय गरज होती?" मग बाबा म्हणाले. "हो म्हणायला काय जात होतं? आणि त्या माणसाला कान आहे. फरक होता. मला स्वतःला आला ऐकू."

"आई, तुला आला होता?" मी विचारलं.

आई बाहेर बघत होती. "तुझ्या बाबांना आला ना," ती म्हणाली.

"तुला विचारतेय मी."

रिक्षा सिग्नलला थांबली. आईनं पर्स मांडीवर घट्ट धरली.

"मला गाणंच नाही आवडलं," ती म्हणाली. "किती वेळ एकच ओळ."

"तू तर तंबोरा छान लागला म्हणालीस," बाबा म्हणाले.

"त्यात होता का तंबोरा?"

बाबा माझ्या अंगावरून पुढे वाकून तिच्याकडे बघू लागले. ती आता थांबणार नव्हती, हे मला तिच्या खांद्यावरून कळत होतं. तो माझ्या खांद्याला लागलेला होता.

"आणि तुम्ही सकाळी गॅलरीत उभं राहून वारा बघून सांगता ना, आज पाऊस नाही," ती म्हणाली. "मी हो म्हणते आणि छत्री घेऊन निघते."

सिग्नल सुटला. रिक्षा बरीच पुढे गेल्यावर बाबांनी विचारलं, "कधीपासून?"

"लग्नानंतरच्या जूनपासून," आई म्हणाली.